कोरड्या माशीचा आचार्य : फ्रेडरिक हॅलफर्ड

चरित्रें म्हटलीं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें राजे, सेनापति, कवि, संशोधक नाहीं तर साधुसंत उभे राहतात. ज्यानें आपल्या आयुष्यांतील उत्तम वर्षें कोंबड्याच्या मानेचें पीस, रेशमाचा धागा आणि बोटाच्या अर्ध्या पेराएवढा गळ यांत घालविलीं, अशा माणसाचें चरित्र वाचण्याचा प्रसंग क्वचितच येतो. इंग्लंडांतील फ्रेडरिक मायकेल हॅलफर्ड हा असा एक पुरुष होऊन गेला. ट्राऊट नांवाचा मासा गळानें धरण्याचा शौक ज्यांना आहे, त्यांच्यांत त्याचें नांव आजहि आदरानें, व कधीं कधीं थोड्याशा रागानेंहि, घेतलें जातें. आदर कां आणि राग कां, हें सांगण्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

हॅलफर्डचा जन्म १३ एप्रिल १८४४ रोजीं बर्मिंगहॅम शहरीं एका सधन ज्यू कुटुंबांत झाला. घराण्याचें मूळ आडनांव हायम. तें बदलून हॅलफर्ड हें आडनांव त्यानें पुढें १८७५ सालीं धारण केलें. घरचा धंदा कपड्यांचा. मुलगा लहान असतांनाच कुटुंब लंडनला राहावयास आलें, आणि शहराचा धूर, धुकें व हिशेबाच्या वह्या यांतच त्याचें तारुण्य जाणार हें जणू ठरलेलेंच होतें. मासे धरण्याचा नाद त्याला होता. पण तो शेंकडों मुलांना असतो तसाच. १८६८ सालीं, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षीं, लंडनच्या दक्षिणेकडील वँडल नांवाच्या छोट्या नदीवर ट्राऊट धरण्याची परवानगी त्याला मिळाली. तेथें कांहीं मंडळी कोरड्या माशीनें मासे धरीत. हॅलफर्डनें ती रीत पाहिली आणि त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली.

कोरडी माशी म्हणजे काय, हें अगोदर समजून घेतलें पाहिजे. मासा आणि माशी हे शब्द आपल्या भाषेंत एकमेकांना इतके चिकटलेले आहेत कीं पुढील मजकूर वाचकांनीं जरा जपून वाचावा. आपल्याकडे नदीकांठीं बसलेला पोर गळाला गांडूळ नाहीं तर कणकेची गोळी लावतो व गळ पाण्यांत बुडवितो. ट्राऊट हा थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यांतला मासा. त्याचें बरेंचसें अन्न म्हणजे पाण्यांत वाढणारे किडे. यांपैकीं मे-फ्लाय म्हणून जो किडा आहे, त्याचें आयुष्य मोठें नवलाचें. अंड्यांतून निघालेलें पिलूं नदीच्या तळाशीं गाळांत सुमारें दोन वर्षें काढतें. मग मे महिन्याच्या अखेरीस एके दिवशीं तें पृष्ठभागावर येतें, कात टाकतें, आणि पंख उभे करून शिडाच्या होडीप्रमाणें पाण्यावर तरंगूं लागतें. उडून झाडावर बसल्यावर तें आणखी एकदां कात टाकतें. पंख फुटल्यानंतर कात टाकण्याची ही तऱ्हा इतर किड्यांत आढळत नाहीं. या पंखवाल्या किड्याला खाण्यास उपयोगी पडेल असें तोंडच नसतें. एक-दोन दिवसांत तो जोडीदार शोधतो, मादी पाण्यावर अंडीं घालते, आणि दोघेंहि मरून पडतात. दोन वर्षांची तयारी आणि दोन दिवसांचा संसार!

किडा पाण्यावर तरंगत असतो त्या चार क्षणांत ट्राऊट खालून वर येऊन त्याला अलगद गिळतो, आणि पाण्यावर एक वलय उमटतें. मासेमाराचें सारें लक्ष त्या वलयाकडे. पिसांची कृत्रिम माशी करून ती पाण्यांत बुडवावयाची व प्रवाहाबरोबर वाहूं द्यावयाची ही जुनी रीत. तिला ओली माशी म्हणत. कोरडी माशी ती, जी बुडत नाहीं. हँपशायर प्रांतांतील टेस्ट आणि इचेन या नद्या खडूच्या खडकांतून झिरपलेल्या पाण्यानें भरतात. त्यांचें पाणी कांचेसारखें निर्मळ, वेग संथ व सारखा, तळाशीं हिरव्यागार पाणवनस्पति. अशा पाण्यांत कांठावरील माणूस माशाला लगेच दिसतो. म्हणून मासेमार माशाच्या शेपटीकडून, प्रवाहाच्या खालच्या अंगानें, प्रसंगीं गुडघ्यांवर रांगत येतो. दोरी हवेंत दोन-तीन वेळां मागेंपुढें झुलवून माशीवरील पाणी झटकतो. आणि वलयाच्या थोडी पुढें ती अशी उतरवितो कीं जणू आपणहून येऊन बसली. दोरी जराशी ताणली जाऊन माशी प्रवाहाहून निराळ्या चालीनें सरकली, कीं डाव फसला. मासा तोंड फिरवून खालीं जातो, आणि कित्येकदां तासभर वर येत नाहीं.

ही कला हॅलफर्डनेंच निर्माण केली असें पुष्कळांना वाटतें. तें खरें नव्हे. पुल्मन नांवाच्या इंग्रज ग्रंथकारानें कोरडी माशी वापरण्याचें वर्णन १८५१ सालींच छापलें होतें. पाणिनीनें भाषा निर्माण केली नाहीं. लोक बोलत होते ती भाषा त्यानें सूत्रांत बांधली. हॅलफर्डची कामगिरी, लहान प्रमाणावर कां होईना, त्याच जातीची होती.

१८७७ सालीं टेस्ट नदीवर हॉटन येथें त्याला मासेमारीचा हक्क मिळाला. आणि १८७९ सालीं विंचेस्टर येथें, जॉन हॅमंड याच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानांत, जॉर्ज सेल्विन मॅरियट या गृहस्थाशीं त्याची गांठ पडली. मॅरियट हा त्या वेळचा इंग्लंडांतील सर्वांत कुशल मासेमार म्हणून प्रसिद्ध होता. नदी कशी वाचावी, किडा कसा ओळखावा, दोरी वाऱ्यावर कशी टाकावी, सगळें त्याच्या अंगीं मुरलेलें. पण लिहिण्याचा मात्र त्याला मनस्वी कंटाळा. उलट हॅलफर्डच्या अंगीं व्यापाऱ्याची शिस्त. प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवावयाची, प्रत्येक नग निराळा करावयाचा, संशय असेल तेथें पुन्हां मोजावयाचें. एकापाशीं ज्ञान आणि दुसऱ्यापाशीं वही, अशी ही जोडी जमली.

पुढील सहा-सात वर्षें दोघांनीं टेस्टच्या कांठीं जें काम केलें तें शाळेंतील विज्ञानाच्या कोणत्याहि विद्यार्थ्यानें ध्यानांत घेण्याजोगें आहे. पाण्यावर तरंगणारे किडे जाळीनें गोळा करावयाचे, ते बाटल्यांत जपून ठेवावयाचे, सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांचे पंख, पाय, शेपट्या पाहावयाच्या. धरलेल्या ट्राऊटचें पोट चिरून त्यांत त्या दिवशीं कोणते किडे किती सांपडले तें पाहावयाचें. यामुळें माशानें काय खाल्लें हा केवळ तर्काचा विषय राहिला नाहीं. आणि मग त्या किड्याची हुबेहूब प्रतिकृति बांधावयाची. साधली नाहीं तर सोडून पुन्हां बांधावयाची.

ही बांधण्याची रीत थोडक्यांत सांगतों. गव्हाच्या दाण्याहून फारसा मोठा नाहीं असा गळ लहानशा पकडींत घट्ट धरतात. रेशमाचा बारीक धागा मेणांतून ओढून घेतात, म्हणजे तो निसटत नाहीं. गळाच्या दांडीवर धाग्याचे वेढे देऊन त्यावर पंखांची जोडी बसवितात. हे पंख म्हणजे स्टार्लिंग नांवाच्या, आपल्या साळुंकीच्या भाऊबंद पक्ष्याच्या पिसांचे तुकडे; एक उजव्या पंखांतला तर दुसरा डाव्या पंखांतला घ्यावा लागतो, कारण दोहोंची वळणें जुळलीं नाहींत तर माशी पाण्यावर कलंडते. शेपटीसाठीं कोंबड्याच्या पिसांतील तीन-चार ताठ केस पुरतात. धडासाठीं मोरपिसाच्या डोळ्यापाशींचा एक तंतु घेऊन त्यावरील लव नखानें खरवडून काढतात. आंत जी चपटी काडी उरते तिची एक कड गडद व दुसरी फिकी असते, त्यामुळें ती दांडीवर गुंडाळली कीं किड्याच्या पोटावरील वळ्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. शेवटीं कोंबड्याच्या मानेचें पीस पंखांच्या मुळाशीं कडेवर उभें धरून गोल गुंडाळतात. त्याचे केस चोहोंकडे पसरतात. तेच किड्याचे पाय, आणि त्यांच्याच टोंकांवर ही माशी पाण्यावर उभी राहते. येथें कोंबडीचें पीस उपयोगाचें नाहीं. तें मऊ असतें व पाणी पितें. कोंबडाहि कोंवळा नको. चांगला जून असला म्हणजे त्याचें पीस ताठ असतें. मग एक गांठ, आणि गांठीवर व्हार्निशचा एक थेंब.

मोर हा पक्षी मूळचा आपल्याच देशाचा, हें येथें सहज सांगावेंसें वाटतें. आपल्या सह्याद्रींत राहणाऱ्या करड्या रानकोंबड्याच्या मानेवरील मेणचट ठिपक्यांचीं पिसेंहि एके काळीं सामन माशाच्या माश्या बांधण्यासाठीं विलायतेस जात असत. आमच्या डोंगरांतील पिसें स्कॉटलंडच्या नद्यांत भिजत होतीं आणि आम्हांस त्याची वार्ताहि नव्हती!

दुसरा एक दुवा याहूनहि जवळचा आहे. पूर्वीं माशीच्या गळाला भोंक नसे. रेशमाच्या किड्यापासून ओढून काढलेली बारीक तांत गळाच्या दांडीवरच धाग्यानें बांधून टाकीत. कोरडी माशी वारंवार हवेंत झुलवावी लागते, त्यामुळें ती तांत नेमकी माशीच्या तोंडाशीं झिजून तुटे आणि तासाभराच्या कष्टानें बांधलेली माशी नदीच्या स्वाधीन होई. यावर उपाय म्हणून १८८० च्या सुमारास दोघां गृहस्थांनीं भोंकाचे बारीक गळ तयार करविले. तांत झिजली कीं तेवढीच कापावी आणि पुन्हां ओंवावी. त्यांपैकीं एक जॉर्ज बँकार्ट, आणि दुसरा क्लिफ्टन कॉलेजांतील गणिताचा शिक्षक एच. एस. हॉल. हें नांव वाचून आमच्या पालकांपैकीं कित्येकांच्या कपाळावर आठी पडली असेल. होय, तोच हा हॉल! हॉल व नाइट यांच्या बीजगणितानें आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला रात्र रात्र जागविलें, त्यांतील हॉल सुटीच्या दिवशीं नदीकांठीं ट्राऊटच्या मागें असे. हॅलफर्डनें या गळांचा मनापासून पुरस्कार केला व थोड्याच वर्षांत जुनी पद्धति मागें पडली.

१८८६ सालीं हॅलफर्डचा तरंगत्या माश्या व त्या बांधण्याची कृति यांविषयींचा पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत ९० प्रकारच्या माश्या वर्णिल्या असून त्यांचीं चित्रें हातानें रंगविलेलीं होतीं. ग्रंथावर दोघांचीं नांवें असावींत अशी हॅलफर्डची इच्छा होती. परंतु मॅरियटनें आपलें नांव घालूं देण्यास साफ नकार दिला. ज्या ज्ञानावर तो ग्रंथ उभा होता त्यांतील मोठा वांटा मॅरियटचा, हें त्या वर्तुळांतील सर्वांना ठाऊक होतें. यामुळें पुढें कांहींनीं हॅलफर्डला दुसऱ्याच्या विद्येवर मोठा झालेला म्हणून हिणविलें. मला हा आक्षेप अन्यायाचा वाटतो. मित्राचें ऋण त्यानें कधीं लपविलें नाहीं. १९०३ सालीं लिहिलेल्या आत्मचरित्रांतहि त्यानें तें मोकळेपणानें मान्य केलें आहे. शिवाय मॅरियटच्या डोक्यांत जें होतें, तें हॅलफर्डनें कागदावर उतरविलें नसतें तर १८९६ सालीं मॅरियटबरोबरच तें गेलें असतें. त्या वर्षीं मॅरियट वारला, आणि त्यानें स्वतःच्या नांवावर एकहि ग्रंथ मागें ठेविला नाहीं.

१८८९ सालीं दुसरा ग्रंथ निघाला. त्यांत कोरड्या माशीनें मासे धरण्याचें शास्त्र व आचार सांगितला आहे. त्याच वर्षीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, हॅलफर्डनें धंद्यांतून अंग काढून घेतलें. पैसा पुरेसा होता, आणि पुढचा सगळा वेळ नदीला द्यावयाचा होता. द फील्ड या साप्ताहिकांत तो डिटॅच्ड बॅजर या टोपणनांवानें लिहीत असे. तें एका माशीचेंच नांव आहे. पुढें केनेट नदीवर रॅम्सबरी येथें स्नेह्यांसह कांहीं मैल पाणी भाड्यानें घेऊन तेथील ट्राऊटची पैदास वाढविण्याचा खटाटोप त्यानें केला. ट्राऊट खाणारे पाइक मासे काढून टाकले, नवे ट्राऊट सोडले, बराच पैसा ओतला. परंतु मनासारखें फळ आलें नाहीं. नदीला हिशेबाची वही कळत नाहीं.

१८९० सालचा एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. अमेरिकेंतील थिओडोर गॉर्डन नांवाच्या एका अशक्त प्रकृतीच्या गृहस्थानें हॅलफर्डचे ग्रंथ वाचून त्याला पत्र लिहिलें. हॅलफर्डनें उत्तर तर धाडलेंच, पण बरोबर माश्यांचा एक संचहि पाठविला. गॉर्डनच्या ध्यानांत लवकरच आलें कीं अमेरिकेंतील ओढे खळखळते, तेथील किडे निराळे, आणि टेस्टच्या संथ पाण्यासाठीं बांधलेल्या माश्या येथें जशाच्या तशा चालावयाच्या नाहींत. त्यानें नेव्हरसिंक नदीच्या कांठीं राहून स्वतःच्या माश्या बांधल्या. मोरपिसाच्या काडीचें धड असलेली त्याची क्विल गॉर्डन नांवाची माशी आजहि तिकडे बांधली जाते. क्षयानें झिजत, माश्या विकून मिळेल त्यांत भागवीत, तो १९१५ सालीं वारला. अनोळखी माणसाला लंडनहून धाडलेल्या त्या लहानशा पुडक्यांतून एका खंडाची विद्या उगवली असें म्हणण्यास हरकत नाहीं. आणि ती उगवली, कारण गॉर्डननें गुरूचें बाहुलें न उचलतां त्याची नजर उचलली.

हॅलफर्डच्या स्वदेशीय शिष्यांचें मात्र तसें झालें नाहीं, आणि येथेंच त्या रागाचें कारण आहे. वय वाढत गेलें तसतसा हॅलफर्ड अधिकाधिक निश्चयी होत गेला. तरंगणाऱ्या किड्याकडे येणाऱ्या माशावरच माशी टाकावी, तीहि तरंगतीच असावी, हा त्याच्या दृष्टीनें केवळ सोईचा नव्हे तर सदाचाराचा नियम बनला. १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत त्यानें आपल्या जुन्या नव्वद-शंभर माश्या बाजूस सारल्या आणि ३३ नव्या निवडल्या. त्यांत नर निराळा, मादी निराळी, आणि रंग छापील नमुन्यांशीं ताडून ठरविलेले. स्वतःचें पूर्वीचें काम असें मोडून टाकण्यास धैर्य लागतें, तें त्याच्यापाशीं होतें. परंतु त्यानें किडा पाहिला तो वरून, माणसाच्या डोळ्यानें. मासा तो पाहतो खालून, उजेडाच्या आड. ज्या किड्याच्या देहांतून प्रकाश आरपार जातो, त्याची प्रतिकृति कितीहि अचूक रंगाची असली तरी खालून काळी पडली तर काय उपयोग? हें कोडें पुढें जे. डब्ल्यू. डन या विमानें बांधणाऱ्या इंजिनियरानें हातीं घेतलें व १९२४ सालीं आपल्या पुस्तकांत गळाची दांडी पांढरी रंगवून त्यावर कृत्रिम रेशमाचें धड बांधण्याची युक्ति सांगितली.

त्याच १९१० सालीं दुसरें एक लहान पुस्तक निघालें. लेखक जी. ई. एम. स्क्यूज, लंडनमधील एक वकील, इचेन नदीवर वर्षानुवर्षें मासे धरणारा. त्याचें म्हणणें असें कीं ट्राऊट आपलें पुष्कळसें अन्न पृष्ठभागाच्या खालीं, किडा पंख फुटून वर येण्यापूर्वींच, खातो. तेव्हां त्या पिलाची नक्कल करून ती किंचित् बुडवून टाकण्यांत गैर तें काय? पोटें चिरून पाहण्याची रीत हॅलफर्डचीच, आणि त्याच पोटांतून त्याच्याविरुद्ध साक्ष निघूं लागली. परंतु अशी नक्कल साधणारच नाहीं असें हॅलफर्डचें ठाम मत होतें, आणि स्क्यूज तर दररोज तसे मासे धरीत होता. आपल्या डोळ्यांनीं पाहिल्यावांचून कशावर विश्वास ठेवावयाचा नाहीं, या बाण्यानें ज्यानें तारुण्यांत काम केलें, त्यानें म्हातारपणीं पाहण्याचेंच नाकारावें, ही मला त्याच्या चरित्रांतील सर्वांत खेदाची गोष्ट वाटते.

१९१३ सालीं त्याचा शेवटचा ग्रंथ बाहेर पडला. पुढील हिंवाळा त्यानें प्रकृतीसाठीं ऊबदार हवेंत, आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील ट्यूनिस येथें काढला, आणि तेथून परत येत असतां वाटेंतच, ५ मार्च १९१४ रोजीं, त्याचा अंत झाला. वय सत्तरीला एक महिना कमी होतें. टेस्टवर त्या वर्षींचे किडे पाण्यावर येण्यास अद्याप अवकाश होता.

त्याच्यामागें त्याचे नियम राहिले, आणि ते त्याच्याहूनहि कडक झाले. कित्येक नद्यांवर तरंगत्या माशीखेरीज दुसरें कांहीं टाकण्यास बंदी झाली. स्क्यूज इचेनवर आपल्या रीतीनें मासे धरीत राहिला; कुरबुर वाढत गेली. १९३८ सालीं लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबांत, म्हणजे ज्याच्या स्थापनेंत १८८४ सालीं हॅलफर्डचा हात होता त्याच मंडळांत, या विषयावर रीतसर वाद झाला. बुडत्या पिलाची बाजू मांडण्यास ऐंशीला टेकलेला स्क्यूज उभा राहिला, आणि त्याच वर्षीं, पंचावन्न वर्षें ज्या पाण्यावर त्यानें मासे धरले होते, तें इचेनचें पाणी त्यानें सोडलें.